मुकी कवडी

समुद्रापासून इतकं लांब, बालाघाटाच्या अंगावर बसलेलं, आणि तरी घराघरांत समुद्राची पोती रचलेली, असं दुसरं गाव कुठं असेल तर मला दाखवावं. आमच्या तुळजापुरात ती आहेत. कवड्यांची पोती. देवीला आलेल्या माणसाला गळ्यात कवड्यांची माळ पडल्याशिवाय आल्यासारखं वाटत नाही. म्हणून कवड्या येतात, आणि कवड्या येतात म्हणून त्या ओवणारी बोटं लागतात. ही गोष्ट तसल्या बोटांची आहे.

द्वारकाबाईंचं दुकान महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं फळीवर हळदीकुंकवाच्या राशी, परड्या, बांगड्या, खणानारळाच्या ओट्या. मागं पडदा, आणि पडद्याआड, जिथं पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप उतरते तिथं, पोतं अंथरून द्वारकाबाई बसलेल्या. पुढं बसून बोलायचं काम त्यांच्या मालकांचं, योगीराजांचं. बोलण्यात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नाही. द्वारकाबाई फार बोलत नाहीत. मांडीवर कवड्या, हातात सुई, आणि नजर अशी की समोरच्या भिंतीतून आरपार कुठंतरी निघून गेलेली.

त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही. पण नव्या पोत्याचं तोंड उघडलं की पहिली मूठ त्या नाकाशी धरतात. थंड, खारट, फार जुना वास. त्या वासात त्यांना निळं माळरान दिसतं. त्यावर वारा आहे, मेंढरांसारखे पांढरे कळप आहेत, आणि आवाज म्हणाल तर कवडी कानाशी धरल्यावर येतो तेवढाच. हा समुद्र त्यांनी लहानपणी मनात मांडला, आणि खरा बघायची वेळ कधी आली नाही म्हणून तो तसाच राहिला, कोरा.

कवडी ओवायची कशी, ते सांगतो. तिच्या पाठीचा फुगवटा दगडावर घासून काढायचा. तिथं भोक पडतं. दुसऱ्या बाजूला तिचं स्वतःचं दातेरी तोंड असतंच. सुई भोकातून आत, तोंडातून बाहेर. आत, बाहेर. बघणाऱ्याला वाटतं बाई नुसत्या श्वास घेत बसल्यात. पण ढिगात एखादी कवडी अशी निघते की वरून तिच्यासारखी देखणी दुसरी नाही. पांढरी, गुळगुळीत, वजनालाही बरोबर. फक्त तिच्या पोटात समुद्राची वाळू दगड होऊन बसलेली असते. सुई आत जाते आणि तिथंच थांबते. दोरा पुढंही जात नाही, मागंही येत नाही. मग एक तर कवडी फोडायची, नाही तर दोरा कापायचा. द्वारकाबाईंच्या माहेरी अशा कवडीला मुकी कवडी म्हणायचे. तिला तोंड आहे पण ती बोलत नाही, म्हणून मुकी.

माहेर सास्तूरचं. आई विठाबाई आराधी होती. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायची, आणि उरलेल्या दिवसांत नवरात्रासाठी माळा ओवायची. लेकीला तिनं ओवणं शिकवलं आणि त्याबरोबर एक नेम शिकवला. अर्धी माळ ठेवून निजायचं नाही. सूर्य मावळायच्या आत गाठ मारून माळ बंद करायची, मग अंग टाकायचं. हा नेम विठाबाईनं जन्मभर पाळला. एकदा मोडला. त्या वर्षी गणपती बोळवून सगळा गाव दमून आला होता. विठाबाईनं हातातली माळ अर्धीच भिंतीतल्या देवळीत ठेवली, सुई शेवटच्या कवडीत खोचली आणि म्हणाली, सकाळी बघू.

त्या पहाटे काय झालं ते आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. जमीन हलली आणि दगडामातीची घरं माणसांवर बसली. द्वारका आणि तिचा धाकटा भाऊ बलभीम बाहेर अंगणात निजले होते, ते वाचले. आई आत होती. पुढं ढिगारा उपसताना माळ निघाली. एकही कवडी फुटलेली नव्हती, दोरा शाबूत, सुई जिथल्या तिथं. पोरीनं ती माळ बघितली आणि तिच्या मनात एक गोष्ट अशी रुतली की नंतर कुणालाही उपटता आली नाही. माळ पुरी झाली असती तर घर पडलं नसतं.

असं काही नसतं, हे मोठेपणी त्यांनाही कळत होतं. पण डोक्याला कळलेलं सगळं बोटांना कळतंच असं नाही. लग्न होऊन तुळजापुरात आल्या, योगीराजांच्या दुकानामागं बसल्या, आणि इतक्या वर्षांत अर्धी माळ ठेवून त्या कधी आडव्या झाल्या नाहीत. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा म्हणे आधी गाठ मारली, मग दवाखान्यात निघाल्या. योगीराज हे गिऱ्हाइकांना रंगवून सांगतात. म्हणतात, आमचा रणधीर जन्माला आला तो वाट बघून बघून.

हा रणधीर आता पुण्याला नोकरीला आहे. घरात दोघंच.

गेल्या उन्हाळ्यात द्वारकाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा, मग हिंग, मग गावातला डॉक्टर, आणि शेवटी सोलापूर. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ती काढली. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ गेली, पण डोळ्याला न दिसणारा एखादा कण मागं राहिला असेल तर तो वाढू नये म्हणून काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील. सकाळ-संध्याकाळ जेवणावर, दोन आठवडे. मग एक आठवडा सुट्टी. मग पुन्हा दोन आठवडे. असे फेरे. गोळ्या फिकट गुलाबी, लांबट. द्वारकाबाईंनी पहिली गोळी उन्हाच्या तिरिपेत धरून उलटसुलट पाहिली. ही कवडीएवढी वस्तू माझ्या आत जाऊन करणार काय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. पण डॉक्टरांच्या दारात एवढी माणसं बसलेली. विचारायचं राहून गेलं.

ते सांगितलं अक्षरानं. अक्षरा म्हणजे बलभीमची लेक, संभाजीनगरच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करते. श्रावणात ती आत्याला बघायला आली, पडद्याआड पोत्यावर बसली आणि कवड्यांशी खेळत बोलत राहिली. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब माळ असते, ती म्हणाली. चारच जातींचे मणी, पण त्यांची ओळ ठरलेली. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी ती माळ मणी मणी करून नव्यानं ओवावी लागते. चांगली पेशी गरजेपुरती ओवते आणि थांबते. गाठीच्या पेशीला थांबणं ठाऊक नाही. ती ओवतच सुटते. मग माणसानं एक युक्ती काढली. त्या मण्यासारखाच दिसणारा, पण किंचित वेगळा, खोटा मणी तयार केला. न्यूक्लिओसाइड अ‍ॅनालॉग म्हणतात त्याला. गोळी पोटात जाते तेव्हा साधीच असते, आत गेल्यावर तिचं हे रूप होतं. पेशी तो मणी खरा समजून उचलते, आणि तिचं ओवणं बिघडतं. खरे मणी घडवायचं कामही अडतं. माळ पुढं सरकत नाही.

द्वारकाबाईंची सुई थांबली. मग मांडीवरच्या ढिगात बोट फिरवून त्यांनी एक कवडी काढली आणि भाचीच्या हातावर ठेवली.

"मुकी कवडी," त्या म्हणाल्या.

अक्षरानं ती उलटीसुलटी केली, आतली वाळू पाहिली आणि हसली. तिचं स्वतःचं काम हेच होतं. असे नवे नवे खोटे मणी घडवायचे आणि काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींपुढं टाकून बघायचे. खूप घडवावेत तेव्हा एखादा पेशीला फसवतो. त्यातलेही बरेच चांगल्या पेशींचाच आधी जीव घेतात. तिनं घडवलेला एखादा मणी कधी औषध होईल का, ते तिला ठाऊक नव्हतं. होईलही. तिच्या हयातीत होईल असं नाही.

पडद्यापलीकडून योगीराजांचं सगळं लक्ष इकडंच होतं. "म्हणजे आम्ही इथं मुकी कवडी निघाली की फेकून देतो," ते म्हणाले, "अन् सरकार तुला तीच करायला पगार देतंय? पोरी, पोतंभर घेऊन जा की."

अक्षरा गेली, पण तिचं बोलणं द्वारकाबाईंजवळ राहिलं. गोळ्या घेतल्यापासून त्यांना एक गुंगी असायची. दुपारी ओवता ओवता डोळा लागायचा, सुई चालतच असायची, आणि त्या आपल्याच आत उतरायच्या. आत निळसर उजेड होता, समुद्रतळाला असतो म्हणतात तसा. तिथं एक म्हातारी पाठमोरी बसून माळ ओवत होती. खाली न बघता, घाईघाईनं, आणि माळ तिच्या मांडीवरून घसरून अंधारात लांबच लांब गेलेली. द्वारकाबाई हळूच मागून जायच्या आणि तिच्या ढिगात एक मुकी कवडी सरकवून यायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. म्हातारीची सुई अडायची. ती वळून बघायची, पण तिला चेहरा नव्हता. जागं झाल्यावर द्वारकाबाईंना भीती वाटायची नाही. उलट बरं वाटायचं. आपल्या हातातलं काम आहे असं वाटायचं.

पहिला सुट्टीचा आठवडा आला तेव्हा त्यांनी गोळ्या बंद ठेवल्या. आणि रोज दुपारी त्यांना दिसलं की म्हातारीची सुई अडत नाही. आत, बाहेर, आत, बाहेर. माळ भराभर लांबतेय. आठवडाभर त्या तोंडाला पदर लावून बसून राहिल्या. ही कसली रीत, त्यांना वाटलं. दोन आठवडे तिला अडवायचं आणि मग आठवडाभर मोकळं सोडायचं? माझी माळ अर्धी ठेवून मीच निजायचं?

पुढचा फेरा संपला तो भाद्रपदात. आरत्यांच्या गलबल्यात सुट्टीचा आठवडा लागला, आणि द्वारकाबाईंनी सुट्टी घेतलीच नाही. सोलापूरच्या खेपा वाचाव्यात म्हणून योगीराजांनी पुढच्या फेऱ्याच्या गोळ्याही आणून ठेवल्या होत्या. त्यांतल्याच त्या घेत राहिल्या. कुणाला सांगितलं नाही. खंड पडू दिला नाही, या समाधानात अनंत चतुर्दशी आली. गणपती गेले. आई गेली ती पहाट पुन्हा एकदा येऊन गेली आणि घर उभंच राहिलं. त्यांना वाटलं, आपलं बरोबर आहे.

मग तळहात तापायला लागले. मिरची कांडल्यावर होते तशी आग, आणि ती विझेना. पायाचे तळवेही तसेच. तोंड आलं. पोट बिघडलं. आणि तळहात लाल झाले, आधी गुलाबी, मग गडद.

हे कुणाच्या कसं ध्यानात आलं नाही, असं तुम्ही विचाराल. पण हे तुळजापूर आहे. देवीच्या वाटेवर दुकान थाटलेल्या बाईचे हात लाल नसतील तर लोक विचारतील, लाल असले तर कोण विचारणार? योगीराजांचेही हात लाल. त्यांच्या चहाच्या कपालासुद्धा लाल बोटं उमटलेली असतात. बाजूच्या दुकानातल्या जाईनं एकदा म्हटलंही, काकू, आज लई कुंकू कालवलंत. द्वारकाबाई हसल्या आणि हात पदराखाली घेतले.

त्यांना स्वतःला काय वाटलं, ते त्यांनी पुढं सांगितलं. त्यांना वाटलं, आतली लढाई हातावर उमटतेय. देवीचे हातही असेच रंगले असतील.

नवरात्र पंधरवड्यावर आलेलं. माळांची मागणी तोंडावर. आणि द्वारकाबाईंच्या बोटांची कातडी सुटायला लागली. सुई धरवेना. कवडीची धार लागली की डोळ्यांत पाणी यायचं. मांडीवरची माळ निम्म्यावर येऊन थांबली आणि पुढं सरकेना. माळ पुरी होईना म्हणून बाई आडव्या होईनात. पाठ भिंतीला टेकून, सुई हातात तशीच धरून त्या बसल्या बसल्या डुलक्या घ्यायच्या. योगीराज रोज म्हणायचे, अगं पड जरा. त्या म्हणायच्या, एवढी गाठ मारते अन् पडते. गाठ काही पडत नव्हती. निळ्या उजेडातली म्हातारी आता दिसेनाशी झाली होती. फक्त माळ दिसायची, आणि तिचं टोक कुणाच्या हातात आहे ते कळायचं नाही.

पितृपक्षात अक्षरा आली. आजीचं पित्र जेवायला सास्तूरला निघाली होती, वाटेत आत्याला सोबत घ्यावं म्हणून उतरली. पडदा सारून आत आली तर आत्या भिंतीला टेकलेल्या, ओठ फुटलेले, मांडीवर अर्धी माळ. तिनं पाया पडून हात हातात घेतला आणि तो गरम लागला म्हणून उघडून पाहिला. मग तांब्या आणला, परातीत आत्याचे हात धरले आणि हळूहळू पाणी सोडलं.

परातीतलं पाणी स्वच्छ राहिलं. हात तसेच लाल.

"आत्या," अक्षरा म्हणाली, "हे कुंकू न्हाय."

"न्हाय तर न्हाय."

"सुट्टीच्या आठवड्यात गोळ्या बंद होत्या ना तुमच्या?"

द्वारकाबाई परातीकडं बघत राहिल्या. "बंद कशाला करू," त्या म्हणाल्या. "अर्धी माळ ठिवून कुणी निजतं का?"

पडद्यापलीकडं योगीराज एका गिऱ्हाइकाला ओटीत काय काय असतं ते सांगत होते. ते मधेच थांबले. त्यांना बोलता बोलता थांबलेलं त्या रस्त्यानं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल.

त्याच दुपारी ओळखीच्या जीपमधून तिघं सोलापूरला गेली. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी हातातला पेन खाली ठेवला, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. रक्त तपासलं. म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पेशी दोन्ही हातची गेली असती. आता गोळ्या पूर्ण बंद. कातडी नवी येईपर्यंत एकही नाही. मग कमी करून पुन्हा सुरू. आणि सुट्टीचा आठवडा हा औषधाचाच भाग आहे, तो गाळणं म्हणजे औषध गाळणं.

द्वारकाबाईंनी एकच विचारलं. बंद ठेवल्यावर ती पुन्हा ओवायला बसणार नाही, कशावरून?

डॉक्टर म्हणाले, तशी खात्री मला देता येत नाही.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललेलं होतं आणि ढगांच्या सावल्या त्यावरून निजल्यासारख्या सरकत होत्या. अक्षरानं आत्याचा हात पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाली, "आत्या, म्या तुम्हाला अर्धंच सांगितलं. मुक्या कवडीला माळ कुणाची ते कळत न्हाय. गाठ ओवती, तशी तळहाताची कातडी पण ओवती. तोंड ओवतं, आतडं ओवतं. रोज. ती कवडी सगळ्यांच्याच ढिगात पडती. सुट्टीच्या आठवड्यात ही आपली माणसं आपल्या तुटलेल्या माळा सांधून घेत्यात. ती सांधून उठली, तरच पुढचा फेरा सोसतो."

द्वारकाबाईंनी मान हलवली. डोक्याला पटलं होतं. बोटांचं वेगळं. घरी येऊन त्या पुन्हा भिंतीला टेकून बसल्या, अर्धी माळ मांडीवर घेऊन. अक्षरा सास्तूरला न जाता आत्याजवळ राहिली. योगीराजांनी उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधल्यासारखी गळ्यात अडकवली.

आता आमच्या देवीची एक रीत सांगायला हवी. ती दुसऱ्या कुठल्या देवीची असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आमची देवी निजते. नवरात्राच्या आधी, भाद्रपदाच्या वद्य अष्टमीला, मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. ती घोरनिद्रा. घट बसायच्या दिवशीच तिला उठवून पुन्हा सिंहासनावर आणतात. त्या निजेसाठी गादीचा कापूस बायका हातानं पिंजतात. यंत्राचं काम नाही त्यात. मोकळ्या बोटांनी, गाणी म्हणत.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या थोरल्या आराधीण प्रेमलाबाई दुकानाशी येऊन उभ्या राहिल्या. कापसाला चल म्हणाल्या. द्वारकाबाईंनी हात दाखवले. प्रेमलाबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, सुई धरायची न्हाय तिथं. चल.

बायकांच्या घोळक्यात द्वारकाबाई बसल्या. पांढऱ्या कापसाचा ढीग मधोमध, ढगासारखा. सोललेल्या तळहातावर पहिली मूठ घेतली तेव्हा त्यांना वाटलं, कुणी थंड लोणी ठेवलं. त्या हळूहळू एकेक तंतू सोडवू लागल्या. कापसाला टोक नसतं. तो अर्धा नसतो की पुरा नसतो. जेवढा मोकळा झाला तेवढा झाला. गाणं चाललं होतं, उदबत्तीचा धूर होता, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, आणि द्वारकाबाईंना पेंग यायला लागली. मान खाली गेली की त्या दचकून वर घ्यायच्या.

प्रेमलाबाईंनी ते बघितलं. निजली कधी होतीस, असं त्यांनी विचारलं. शेजारच्या जाईनं हसत सांगून टाकलं, काकूंची माळ अर्धी राहिलीय, त्यामुळं त्या निजत न्हाईत.

प्रेमलाबाईंनी हातातला कापूस मांडीवर ठेवला. "अगं," त्या म्हणाल्या, "ही गादी कुणाची पिंजतीयास?"

"देवीची."

"दैत्य दारात उभा. नऊ दिवसांची लढाई पुढं. अन् ती काय करती? खुशाल पलंगावर पडती. तिची माळ पुरी झालीय व्हय? का तू तिच्याहून थोर लागून गेलीस?"

बायका हसल्या. द्वारकाबाई हसल्या नाहीत.

"तेवढ्यात दैत्य वाढला तर?" त्यांनी विचारलं.

प्रेमलाबाईंनी पुन्हा कापूस उचलला. जरा वेळानं म्हणाल्या, "वाढतोच की. म्हणून तर दरसाल निजती, अन् दरसाल उठती."

गाणं पुढं सुरू झालं. द्वारकाबाईंच्या हातातला कापूस इतका मोकळा झाला होता की फुंकर घातली असती तर उडाला असता.

अष्टमीला देवी निजली. त्या दिवशी द्वारकाबाई बराच वेळ कळसाकडं बघत दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन डोंगराच्या कडेला टेकलेलं असताना, त्यांनी मांडीवरची अर्धी माळ उचलली. गाठ मारली नाही. सुई शेवटच्या कवडीत खोचली, आईनं खोचली होती तशी, आणि माळ देवळीत ठेवली. हात ती सोडेनात. मग सोडली. अक्षरानं अंथरलेल्या वाकळीवर त्या आडव्या झाल्या, लाल तळहात छताकडं उघडे ठेवून.

डोळे मिटल्यावर निळा उजेड आला, पण या वेळी तिथं म्हातारी नव्हती. सास्तूरचं जुनं घर होतं. आत आई होती. तिनं अर्धी माळ देवळीत ठेवली, सुई खोचली आणि दिवा शांत केला. द्वारकाबाई श्वास रोखून बघत राहिल्या. घर हललं नाही. बाहेर समुद्र होता, त्यांचा स्वतःचा, काठ नसलेला. त्याच्या लाटा भिंतीला लागत होत्या आणि भिंती तशाच उभ्या होत्या. कुठंतरी फार खोल, पुष्कळ बायका एका रांगेत बसून तुटलेल्या माळा सांधत होत्या. त्यांना घाई नव्हती. मग उजाडलं. उन्हाची तिरीप देवळीत आली आणि सुईच्या टोकावर थांबली. आई उठली, केस बांधले, आणि माळ हातात घेतली.

पुढं दुकानात योगीराज बसले होते. पडद्याआडून घोरण्याचा आवाज येत होता, आणि इतक्या दिवसांनी आलेला तो आवाज ऐकत तो बोलघेवडा माणूस गिऱ्हाइकांना हाका मारायचं सोडून बसला होता. तेवढ्यात कर्नाटकातली काही माणसं रस्त्यानं उदो उदो करत आली आणि कुंकवाचा भाव विचारू लागली. योगीराजांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "आत निजलंय."

माणसं एकदम गप्प झाली. त्यांच्यातल्या थोरल्यानं पायातली चप्पल काढली, डोक्यावरचा रुमाल सावरला, आणि पडद्याकडं तोंड करून हात जोडले. मग एकेक करत सगळ्यांनी. आत कोण निजलंय ते योगीराजांनी त्यांना सांगितलं नाही.